आंबा माजला की काय करायचं

"काकी, झाडं माजलीत." बागेची राखण करणारे मामा पहिल्यांदा हे म्हणाले तेव्हा मला ते कौतुकच वाटलं होतं. काळीभोर हिरवी पानं, आत सूर्य शिरणार नाही इतकी गर्दी, आणि दर पावसाळ्यात हातभर नवी पालवी. ठाण्याहून कुणाला बाग दाखवायला नेलं की माणसं झाडांखाली उभी राहून फोटो काढायची. आंबे मागितले की मात्र मी विषय बदलायची.

बाग मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. सासऱ्यांनी 1996 साली रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून हापूस लावला, 10 बाय 10 मीटरवर, आता 38 झाडं उभी आहेत. मी पोस्टात बचत खात्याच्या खिडकीवर 34 वर्षं काढली, त्यामुळे निवृत्त झाल्यावर बाग हातात आली तेव्हा पहिली गोष्ट केली ती म्हणजे वही. प्रत्येक झाडाला नंबर, प्रत्येक नंबराला एक पान. नौपाड्यातून निघायचं, लोकलने कल्याण, तिथून मुरबाडची एसटी. पहिल्या वर्षीच्या वहीत 38 पैकी 23 पानांवर "मोहर नाही" असं लिहिलेलं आहे. त्या वर्षी गावदेवी मैदानावरच्या आंबा महोत्सवातून मी पेटी विकत आणली आणि लेकीला आपल्या बागेतली म्हणून दिली. तिने पेटीवरचं गावाचं नाव वाचलं आणि हसली.

खाली लिहिलंय ते सगळं मी चुका करत शिकले. तुमची झाडं दहा वर्षांच्या पुढची, अंगाने दणकट आणि फळाला कंजूष असतील तरच हे तुमच्यासाठी. रोगट किंवा उपाशी झाडाचं दुखणं वेगळं, त्याला यातलं काही करू नका.

आधी झाड खरंच माजलंय का ते बघा. दुपारी बाराला खोडाजवळ उभं राहायचं आणि जमिनीकडे बघायचं. उन्हाचे कवडसे इकडेतिकडे पडलेले दिसले तर ठीक. संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं, खाली ओल आणि शेवाळ असेल, आतल्या फांद्यांना पानंच नसतील आणि सगळा पाला छत्रीसारखा बाहेरच्या कडेला असेल, तर मामा म्हणतात ते खरं. दुसरी खूण डिसेंबरात दिसते. शेंड्यावरची पानं गडद, जून झालेली आणि हाताला कडक लागली तर तिथून मोहराची आशा असते. त्याच वेळी झाड तांबूस कोवळी पालवी काढत असेल तर त्या शेंड्याने यंदा तुम्हाला रामराम केला असं समजा.

कारण आंबा मोहरतो तो शेंड्यावर, आणि तोही पिकलेल्या शेंड्यावर. हापूसची काडी साडेतीन-चार महिने तरी जून व्हावी लागते, वर रात्रीची थंडी मिळावी लागते. थंडी आमच्याकडे माळशेजच्या पायथ्याला किनाऱ्यापेक्षा जास्तच पडते, तिची तक्रार नाही. तक्रार काडीची. झाडाला खायला-प्यायला मुबलक मिळत राहिलं की ते थांबतच नाही. पालवीवर पालवी. पोरं जन्माला घालायची त्याला गरजच वाटत नाही, असं सासरे म्हणायचे. दसऱ्याला ते कोयता घेऊन न फळणाऱ्या झाडापुढे उभे राहायचे आणि "यंदा नाही दिलंस तर तोडीन" म्हणून दटावायचे. काही झाडं ऐकायची म्हणे. मी तीन नंबरला दटावून पाहिलं. नाही ऐकलं.

पहिल्या वर्षी केलेली चूक आधी सांगते, कारण ती सगळेच करतात. ऑक्टोबरात चार माणसं लावली आणि सगळी झाडं बाहेरून गोल छाटून घेतली. न्हाव्याने कटिंग करावी तशी. बाग इतकी देखणी दिसत होती की मी व्हिडिओ काढला. सहा आठवड्यांत प्रत्येक कापलेल्या टोकातून तीन-तीन, चार-चार फुटवे आले. ज्या शेंड्यांना डिसेंबरात मोहर यायचा होता तेच मी मजुरी देऊन कापले होते. वर झाड आधीपेक्षा दाट झालं. शेंडा मारला की खालचे डोळे जागे होतात. फांदी बुडापासून काढली तर तिथे तितकं फुटत नाही. पुढचं सगळं या एका फरकावर चालतं.

म्हणून कापायचं ते थोडं, मोठं आणि मधलं. आमच्याकडे आंबा किनाऱ्यापेक्षा उशिरा उतरतो. शेवटचा आंबा झेल्याने उतरवला की पाऊस यायच्या आत आठ-दहा दिवस मिळतात, तेच छाटणीचे. झाडाच्या मधोमध सरळ आभाळाकडे गेलेली मांडीएवढी फांदी असते. प्रत्येक माजलेल्या झाडात ती असतेच, आणि झाडाचा सगळा जोर तिच्यात असतो. ती एकच निवडायची आणि बुडापासून काढायची. दुसरीही काढावी असा मोह होतो. तिला पुढच्या वर्षावर ठेवा. एका वर्षात झाडाचा पाव हिस्सा पाला गेला तर पुरे. त्यापुढे गेलात की झाड घाबरल्यासारखं सोट, म्हणजे सरळ उभे जोमदार फुटवे, काढत सुटतं. मी 38 झाडं तीन वर्षांत मोकळी केली.

कापताना आधी खालच्या बाजूने, खोडापासून हातभर अंतरावर, करवतीने फांदीच्या पाव जाडीपर्यंत खाच घ्यायची. मग त्याच्या थोडं पुढे वरून कापायचं. फांदी आपल्या वजनाने मोडते, पण खाचेमुळे साल खोडापर्यंत सोलून जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्यांदा कापायचा. फांदीच्या बुडाशी सुरकुत्यांचं कडं असतं, ते शाबूत ठेवून त्याला लागून काप घ्या. खोडाला सपाट घासून कापलं तर जखम मोठी होते आणि भरत नाही. खुंट ठेवला तर तो कुजतो. जाड फांदीला कोयता लावू देऊ नका, मजूर कितीही घाईत असले तरी. म्हशाच्या जत्रेत घेतलेला माझा कोयता फार छान आहे, पण तो बांडगुळाला आणि बारक्या काटक्यांना. बांडगूळ दिसलं तर ते जिथे चिकटलंय त्याच्या खालून फांदीसकट काढायचं, नुसतं ओरबाडून जात नाही.

कापलेल्या जागेवर त्याच दिवशी बोर्डोची पेस्ट. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात भिजवून मग एकत्र ओतायचं. लोखंडी भांडं नको. तयार झाल्यावर लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. हा आळस केला तर भिरूड येतो, खोड पोखरणारा किडा. पावसाळ्यात त्याची मादी सालीच्या फटीत आणि जखमेत अंडी घालते, आणि तुम्हाला कळतं तेव्हा बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला असतो. माझं नऊ नंबरचं झाड अर्धं त्यानेच नेलं. जुने लोक मोहर यावा म्हणून खोडाला कुऱ्हाडीचे घाव घालायचे, काही ठिकाणी अजूनही घालतात. त्या घावांवर पहिला हक्क भिरुडाचा असतो, एवढं लक्षात ठेवा.

मधली फांदी गेली की आतल्या उघड्या पडलेल्या फांद्यांना ऊन एकदम लागतं. साल भाजू नये म्हणून पावसाळा संपल्यावर त्यांना चुना फासा. पहिल्याच डिसेंबरात आत उभं राहिल्यावर मला वर आभाळ दिसलं आणि तुडतुडे अंगावर आले नाहीत. त्यांना दाट सावली आणि दमट हवा आवडते, भुरी या बुरशीलाही तेच. फवारणीही वाचली; पूर्वी औषध बाहेरच्या पानांवरूनच ओघळून जायचं.

आता खाऊपिऊ. दहा वर्षांपुढच्या हापूसला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडामागे 50 किलो शेणखत, 1.5 किलो नत्र, 500 ग्रॅम स्फुरद आणि 1 किलो पालाश अशी आहे. दीड किलो नत्र म्हणजे साधारण सव्वातीन किलो युरिया. मी तो जूनमध्ये द्यायची आणि झाड फळत नाही म्हणून सप्टेंबरात प्रेमाने आणखी घालायची. सप्टेंबरात नत्र म्हणजे ऑक्टोबरात पालवी, हे मला कुणी सांगायला नको होतं, पण सांगावं लागलं. एवढं करूनही पश्चिमेच्या रांगेतली सहा झाडं इतरांपेक्षा माजलेली का, ते दोन वर्षं कळेना. एका जुलैत भर पावसात बांधावर उभी होते तेव्हा दिसलं. वरच्या भाताच्या खाचरातलं पाणी बांधाच्या फटीतून थेट त्या रांगेत उतरत होतं, आणि लावणीनंतर भाताला युरिया फेकलेला. शेजाऱ्यांचं खत माझी झाडं फुकट खात होती! बांधाच्या आतून दीड हात खोल चर काढला आणि पाणी ओढ्याला लावलं. त्या सहा झाडांचा युरिया मी दोन वर्षं पूर्ण बंद ठेवला, पालाश आणि शेणखत चालू. रत्नागिरीच्या जांभ्या दगडात उभ्या असलेल्या झाडाची आणि भातशेतीच्या खोल, ओल धरणाऱ्या मातीतल्या झाडाची भूक सारखी नसते. शिफारशीचा आकडा हा वरचा आकडा समजा आणि आपल्या झाडाचे शेंडे बघून खाली या.

पाण्याचं सोपं आहे. पाऊस गेला की मोठ्या झाडाला पाणी बंद. ठिबक बसवलंय म्हणून दिवाळीत चालू करण्याची हौस आवरा. ताण बसू द्या. फळ वाटाण्याएवढं झालं की झाडामागे 150 ते 200 लिटर, मग गोटीएवढं असताना एकदा आणि अंड्याएवढं असताना एकदा, मध्ये पंधरा-पंधरा दिवस.

हे सगळं सुरू असताना आमच्या मजल्यावर राहणाऱ्या कुमाऊंच्या कुटुंबाशी बोलणं झालं. नैनिताल जिल्ह्यात रामगढच्या बाजूला त्यांची नासपतीची बाग आहे. "आंटीजी, हमारे यहाँ भी यही रोना है," म्हणाले. तिथे जंगली मेहलच्या रोपावर नासपतीचं कलम बांधतात. ते मूळ इतकं जोरकस की झाड वर्षानुवर्षं नुसतं वाढतं. हिवाळ्यात पानं गळलेली असताना जितकं जास्त कापावं तितकं वसंतात जास्त फुटतं, म्हणून जोर मोडायचा तर उन्हाळ्यातच नको ते सोट काढतात. आणि उभ्या फांद्यांना दोरी बांधून आडव्याकडे वाकवतात. फांदी कलली की तिची धाव कमी होते आणि तिच्यावर फळाच्या आखूड काड्या बसायला लागतात.

मी लगेच सुतळीचा गुंडा घेऊन बागेत. मामांनी कपाळाला हात लावला, आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं. नासपतीची फुलं येतात ती दोन-तीन वर्षांच्या लाकडावरच्या आखूड काड्यांवर, आंब्याची येतात शेंड्यावर. आंब्याची जाड फांदी वाकवून मला दोन तडे मिळाले, बाकी काही नाही. पण बांधावर चार पेरू आहेत, त्यांच्यावर ही युक्ती बसली. पेरूच्या उभ्या फांद्या पावसानंतर वाकवून खुंटीला बांधल्या, टोकाची थोडी पानं ठेवून मधली काढली, आणि फांदीभर नवे फुटवे आले, प्रत्येकावर कळी घेऊन. पेरू नव्या फुटीवर फुलतो म्हणून. तेव्हा दुसऱ्याची युक्ती उचलण्याआधी आपलं झाड कुठल्या लाकडावर फुलतं एवढं विचारा.

राहिलं कल्टार. सगळे आधी त्याच्यावरच येतात, मी मुद्दाम शेवटी आणलंय. पॅक्लोब्युट्राझोल हे त्यातल्या औषधाचं नाव. झाडाला लांब वाढवणारा जिबरेलीन नावाचा संप्रेरक झाडातच तयार होतो, त्याला हे अडवतं. झाड ताणणं थांबवतं, काडी पिकते, मोहर लवकर आणि नियमित येतो. म्हणजे टॉनिक नव्हे, लगाम. उपाशी घोड्याला लगाम घालून काय होणार?

देण्याची वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. झाडाखालचं गवत आधी काढा. मग पाल्याची आरपार रुंदी मोजा. मी आणि मामा दोन बांबू आणि टेप घेऊन मोजतो, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. समजा 8.4 आणि 7.6 मीटर भरलं, सरासरी 8. दर मीटरला 3 मिलि, म्हणजे या झाडाला 24 मिलि. खोड आणि पाल्याची कड यांच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे इथे खोडापासून 2 मीटरवर, गोल फिरत 30 भोकं पाडायची, पहारीने, 10 ते 12 सेंटिमीटर खोल. 24 मिलि औषध साडेचार लिटर पाण्यात नीट ढवळून प्रत्येक भोकात 150 मिलि ओतायचं आणि भोक मातीने बुजवायचं. माती ओली हवी, पण पाणी वाहत असेल तर थांबा. मुरबाडच्या पावसात उघडीप साधावी लागते. औषध मोजायला मी खोकल्याच्या बाटलीचं झाकण वापरायची. आता 50 मिलिचं मोजपात्र आणलंय, ते वेगळ्या डब्यात कुलपात राहतं. हातमोजे घाला.

अंदाजाने ओतू नका. सतरा नंबरला एका वर्षी मजुराने दोन वेळा दिलं, कारण मी चहाला गेले होते आणि खूण करायची राहिली. पुढच्या वर्षी त्याची पालवी मुठीसारखी गुच्छ होऊन आली, पानं आखूड, जाड, पेरंच नाहीत. तीन पावसाळे गेले तरी ते सावरलेलं नाही. आता औषध दिलेल्या झाडाला लगेच खोडावर चुन्याची रेघ ओढतो. हे औषध मातीत लवकर संपतही नाही. मी दुसऱ्या वर्षी झाडाखाली हौसेने शिराळ्याचा वेल लावला. वेल कसला, झुडूप झालं. पानं काळीहिरवी आणि उंची वीतभर. तेव्हा कल्टारच्या आळ्यात भाजीपाला नको. सलग देत असाल तर मात्रा कमी करत न्या. मी दोन वर्षं देऊन तिसऱ्या वर्षी विश्रांती देते, आणि ज्या झाडांना नुसत्या छाटणीने आणि खत आवरून मोहर आला त्यांना दिलंच नाही. 38 मधली 14 झाडं औषधाविना लागतात. कल्टार दिलेल्या झाडावर फळांचा भार वाढतो, तेव्हा त्याचं शेणखत-पालाश मात्र तोडू नका.

नव्याने लावत असाल तर हापूसच्या जोडीला रत्ना लावा. नीलम आणि हापूसचा संकर, दापोलीने 1981 साली दिलेला, दरवर्षी लागतो आणि अंगाने आवरता असतो. हापूसवाले नाक मुरडतात. मुरडू देत.

ठाण्यातल्या लोकांसाठी एक वेगळं सांगायचंय. बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारातलं आंब्याचं झाड माजलं म्हणून मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. महापालिका हद्दीत फांदी छाटायलाही 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज करा, तोपर्यंत करवत बाजूला ठेवा. परवानगी मिळाली की माणसं येतील आणि गोल कटिंग करून द्यायला बघतील. खाली उभं राहून मधली फांदी दाखवा. तिथे कल्टार अजिबात नको. पेव्हर ब्लॉकखाली मुळं कुठवर गेलीत कुणाला ठाऊक, शेजारी तुळस, कढीपत्ता, पोरांचं खेळणं. बऱ्याचदा त्या झाडाचा माज बाजूच्या लॉनमधून येतो: रोजचं पाणी, महिन्याला खत. आमच्या मागच्या इमारतीत लॉनचा पाइप दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत त्या बाजूला बंद ठेवायला सांगितला. सेक्रेटरीसाहेब गवत पिवळं पडतंय म्हणून माझ्याशी दोन महिने बोलत नव्हते. एप्रिलमध्ये त्यांनी कैऱ्यांची पिशवी पाठवली, लोणच्याची कृती विचारणाऱ्या चिठ्ठीसकट.

यंदाच्या वहीत "मोहर नाही" पाच पानांवर आहे. त्यातलं एक पान सतरा नंबरचं. तिथे लाल शाईत लिहून ठेवलंय: औषध देऊ नये, मामांनाही सांगणे.